पोरं हसली नाहीत, बाई हसल्या

पत्र: "मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिसरी-चौथी एकत्र बसते. मुलांसाठी विनोदी गोष्टींचं पुस्तक लिहायचं खूप दिवस मनात आहे. पहिली गोष्ट लिहिली, बसमध्ये चढलेल्या शेळीची. स्टाफरूममध्ये वाचली तर सगळ्या जणी पोट धरून हसल्या. वर्गात वाचली तर पोरं गप्प. एकानं विचारलं, 'बाई, संपली काय?' विनोदी लिहिणं शिकता येतं का, की ते उपजतच असावं लागतं? आणि आमच्या गावची भाषा पुस्तकात चालते का, की संपादक सगळं शुद्ध करून टाकतात? गोष्ट सोबत जोडली आहे. नाव छापू नये."

नमस्कार बाई,

'संपली काय?' विचारणाऱ्या त्या पोराला उद्यापासून पहिल्या बाकावर बसवा. तुम्हाला याच्याहून चांगला संपादक खानापुरात मिळणार नाही, आणि बेळगावातही मिळेलसं मला वाटत नाही.

उपजत असण्याचं आधी उरकून टाकू. आपल्याकडे विनोदाचं नाव काढलं की 'पुलं आमच्या बेळगावच्या आरपीडी कॉलेजात शिकवायला होते' हे कुणीतरी सांगतंच, आणि मग बाकीच्यांनी पेन खाली ठेवायचं. ठेवू नका. मिश्कीलपणा थोडाफार अंगात असावा लागतो हे खरं. तुमच्या पत्रातच तो दिसतो, नाहीतर 'संपली काय' हे वाक्य तुम्ही मला कळवलंच नसतं. पण गोष्टीत हशा कुठं ठेवायचा, आधी काय सांगायचं, काय दाबून ठेवायचं, हा कारागिरीचा भाग आहे आणि तो शिकता येतो.

तुमची गोष्ट वाचली. स्टाफरूममध्ये हशा का पिकला ते पहिल्या पानावरच कळलं. तुमची हौसा शेळी बसमध्ये बसून 'मी ट्रेनिंगला चाललेय' म्हणते, कंडक्टरला 'माझी बदली जवळच्या गावी करा' अशी गळ घालते आणि उतरताना टीए-डीएचा, म्हणजे प्रवासभत्त्याचा, फॉर्म मागते. बदली आणि ट्रेनिंग यांनी ज्यांचं आयुष्य अर्धं खाल्लंय त्या बाई याला हसणारच! आठ वर्षांच्या पोराला टीए-डीए कशाशी खातात हेच माहीत नाही. त्याला फक्त एवढं दिसतं की शेळी बोलतेय. गोष्टीत प्राणी बोलतातच, त्यात नवल ते काय.

कोर्नेई चुकोव्स्की नावाचे एक रशियन बालकवी होते. लहान मुलांच्या बोलण्याची टिपणं त्यांनी वर्षानुवर्षं ठेवली. त्यांची मुलगी पुरती दोन वर्षांचीही नव्हती, तेव्हा एक दिवस ती त्यांच्याकडे आली आणि कुत्रा म्याव म्हणतो, असं काहीतरी सांगून हसायला लागली. कुत्रा भुंकतो आणि मांजर म्याव करतं हे तिला नुकतंच पक्कं समजलं होतं. म्हणून तर ते उलटं करण्यात मजा होती. मुलांच्या विनोदाचं सगळं मर्म मला या एका प्रसंगात दिसतं. पोराला जो नियम अगदी ठाम माहीत आहे, तोच मोडला तर ते हसतं. नियमच माहीत नसेल तर मोडलेला कळणार कसा? तुमच्या गोष्टीत मोडलेले सगळे नियम मोठ्यांच्या ऑफिसातले आहेत.

वयाप्रमाणे हे नियम बदलतात. पहिलीतल्या पोराला चप्पल डोक्यावर आणि टोपी पायात एवढं पुरतं, आणि तेच परत परत हवं असतं. सहावी-सातवीला टोमणा कळतो, स्वतःची फजिती रंगवून सांगता येते. तुमचा वर्ग मधला. या वयात पोरं वकील होतात. 'बाई, वहीवर रेघोट्या मारू नका म्हणालात म्हणून मी बाकावर मारल्या.' 'मी वेळेवर निघालो होतो, शाळाच लवकर भरली.' मोठ्यांचे नियम आणि त्या नियमांतल्या फटी, हे यांचं खास कुरण. असं बोलणं तुमच्या कानावर रोज पडतंय. माझ्यासारख्या घरात बसून लिहिणाऱ्याला ते विकतही मिळत नाही. हजेरीपटाशेजारी एक वही ठेवा आणि मधल्या सुट्टीत ते जसंच्या तसं उतरवून काढा. व्याकरण सुधारू नका, फट बुजते.

आता तुमच्याच गोष्टीत पडलेला एक हिरा दाखवतो. दुसऱ्या पानावर आज्जी एकच वाक्य बोलते, 'शेळी पण बाईच आहे की,' आणि तुम्ही पुढच्या ओळीत कंडक्टरला धप्पकन पाडून पुढे निघून गेलात. अहो बाई, तुमची गोष्ट तिथंच आहे! जून २०२३ पासून आपल्याकडे शक्ती योजना आहे. कर्नाटकातल्या बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. कंडक्टर ओळखपत्र बघतो आणि शून्य रुपयाचं तिकीट देतो. हे तुमच्या वर्गातल्या पोरांना पाढ्यांपेक्षा पाठ आहे. बहीण फुकट आणि आपलं मात्र अर्धं तिकीट, हे दुःख चौथीतल्या कुठल्याही पोराला विचारा. म्हणजे नियम सगळ्यांना ठाऊक. आता फक्त तो शेळीला लावायचा, आणि तोही कुणी हसत-खिदळत नाही, अगदी गंभीरपणे.

ही फार ओढूनताणून केलेली कल्पना आहे असंही समजू नका. मार्च २०२४ मध्ये बंगळूरहून म्हैसूरला जाणाऱ्या सरकारी बसमध्ये एक आज्जी आणि नात चढल्या. सोबत पिंजऱ्यात चार छोटे पोपट. आज्जी-नात शक्ती योजनेत फुकट, आणि पोपटांना लहान मुलांसारखं धरून प्रत्येकी १११ प्रमाणे ४४४ रुपयांचं तिकीट. बातमी देशभर गाजली. त्या कंडक्टरनं विनोद केला नव्हता. त्यानं नियम पाळला, म्हणून तर हसू आलं.

तुमचा मूळ उतारा असा आहे: 'एकदा काय गंमत झाली! हौसा नावाची खट्याळ शेळी बसमध्ये चढली! तिला बघून कंडक्टर धप्पकन पडला! त्याची टोपी उडाली! सगळे हा हा हा करून पोट धरून हसले!'

हे जरा असं करून बघू:

जांबोटीच्या स्टँडवर बस थांबली. आधी आज्जी चढली. मग आज्जीची पिशवी चढली. मग चढली हौसा.
हौसा म्हणजे शेळी.
"हिचं तिकीट?" कंडक्टर म्हणाला.
"बायकांना फुकट आहे की," आज्जी म्हणाली.
कंडक्टरनं हौसाकडं बघितलं. हौसानं कंडक्टरकडं बघितलं.
"आधार कार्ड दाखवा."
आज्जीनं हौसाचा कान पुढं ओढला.

इथं पान संपवायचं. पोराला पान उलटेपर्यंत धीर निघता कामा नये. पुढच्या पानावर कानातला पिवळा बिल्ला. सरकारी लसीकरणाच्या वेळी जनावरांच्या कानात असा बिल्ला मारतात आणि त्यावर बारा आकडी नंबर असतो, हे तुमच्या पोरांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. आधारचा नंबरही बारा आकडीच! कंडक्टर एकेक आकडा मोजतो. बारा भरतात. परत मोजतो. बाराच. आता तो काय करणार बिचारा? शून्य रुपयाचं तिकीट काढतो आणि हौसाच्या पुढं धरतो. हौसा ते खाते. पुढच्याच स्टॉपला तपासनीस चढतो.

बघा, यात शेळी एक शब्द बोललेली नाही. कुणी पडलेलं नाही, टोपी उडालेली नाही. आज्जीला आपलं म्हणणं शंभर टक्के पटलेलं आहे, कंडक्टरला आपली नोकरी सांभाळायची आहे, आणि दोघांनीही काही चूक केलेली नाही. ही माणसं कितीही चमत्कारिक ठिकाणी जाऊन पोचोत, तिथवरची प्रत्येक पायरी पोराला बरोबरच वाटली पाहिजे. आणि गोष्टीतलं कुणीही हसता कामा नये. तुमच्या गोष्टीत पात्रंच 'हा हा हा' करून मोकळी होतात, मग वाचणाऱ्याला काम काय उरतं? उद्गारचिन्हांचंही तेच. तुमच्या पहिल्या परिच्छेदात प्रत्येक वाक्याला एक आहे. सगळी काढा. अगदीच जीव राहत नसेल तर पुस्तकात एक ठेवा, कुणीतरी खरोखर ओरडतं तिथं. (या पत्रात मी दोनचार वापरलीत. पत्र आहे, चालतं.)

'मग चढली हौसा' या वाक्याकडे जरा थांबून बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गमतीची वस्तू वाक्याच्या मधे अडकते: 'मग हौसा शेळी बसमध्ये चढली.' सगळं कळलं, पण धक्का बसला नाही, कारण हौसा आली आणि तिच्यामागून 'बसमध्ये चढली' हे शेपूट आलं. बोलताना आपण हे आपोआप उलटवतो. 'दारात उभा कोण, तर मामा!' 'डबा उघडला आणि निघालं काय, तर कारलं!' गावातल्या कुठल्याही आज्जीला ही युक्ती येते, लिहायला बसलं की मात्र आपण शाळेच्या निबंधाची वाक्यं लिहितो. धक्क्याचा शब्द शेवटी ढकलायचा आणि त्याच्यामागं काहीही येऊ द्यायचं नाही. एवढी एक सवय लागली तरी तुमची निम्मी गोष्ट सुधारेल.

आधी आज्जी, मग पिशवी, मग शेळी, असं तीन वेळा का? दोन वेळा तेच झालं की पोराला वाटतं, आपल्याला पुढचं कळलं. तिसऱ्यांदा त्याला फसवायचं. आपल्या काऊ-चिऊच्या गोष्टीत चिऊताई दार उघडत नाही. थांब माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, थांब माझ्या बाळाला तीट लावू दे. बाहेर कावळा भिजतोय. आपण सगळे यावर वाढलो. तिथं गंमत एकाच कारणाच्या लांबत जाण्यात आहे, आणि पोर पुढचं कारण आधीच ओरडून सांगतं. पहिलीसाठी लिहाल तेव्हा असंच लांबवा. चौथीसाठी लिहाल तेव्हा लांबवता लांबवता वळण घ्या.

वळण तुमच्या हाताशीच आहे, सीमाभागात राहण्याचा तेवढा तरी फायदा व्हावा. आज्जीची लेक चंदगडला दिली असं धरा. हद्दीपलीकडच्या शिनोळीला आज्जी महाराष्ट्राच्या एसटीत चढते. तिथं मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. म्हणजे हौसालाही अर्धं. नवा कंडक्टर विचारतो, "अर्धं म्हणजे कुठल्या अर्ध्याचं? पुढच्या की मागच्या?" मागचं अर्धं फुकट न्यायचं असेल तर ते चढवायचं कुठल्या दारानं, यावर बसमधले सगळे आपापलं मत देतात. पुण्यातल्या लेखकाला हे सुचणार नाही. त्याच्या बसला राज्य बदलत नाही.

आता जरा कडू. तुमचा कंडक्टर कन्नड बोलणारा आहे आणि त्याचं मोडकं मराठी हा तुम्ही विनोदाचा विषय केलाय. दीड पान. ते काढा. वर्गात कुणाच्या तरी घरी कन्नड बोलत असणार आणि ते पोर त्या दीड पानात खाली मान घालून बसणार, हे तर आहेच. पण धंद्याच्या दृष्टीनंही ते पान पडलंय. तुमची पोरं बाजारात दोन्ही भाषा मिसळूनच बोलतात. 'टिकेट तगोरी' (तिकीट घ्या) त्यांना परकं वाटत नाही, त्यामुळे त्यात धक्काच नाही. मोडक्या बोलण्याला हसायचं असतं हे त्यांना कुणीतरी मोठ्यानं शिकवावं लागेल, आणि ते काम तुम्ही करू नये. कंडक्टर कन्नड बोलू दे की, दोन वाक्यं तशीच ठेवा, अर्थ प्रसंगातून कळेल. हसू त्याच्या आकडे मोजण्याचं यावं. मोजून मोजून घाम पुसणारा माणूस कुठल्याही भाषेत गमतीचा असतो. तोतरेपणा, लठ्ठपणा, काळा रंग, कुणाची जात किंवा धंदा, यांचंही असंच. फजिती करायचीच तर जो गोष्टीत जास्त ताकदवान आहे त्याची करा. गुरुजी, पाटील, तपासनीस, बाईसुद्धा. बाईंची फजिती झालेली पोरांना जितकी आवडते तितकं दुसरं काही आवडत नसावं.

शेवटचा 'मुलांनो, मुक्या प्राण्यांवर दया करा' हा परिच्छेदही गेला पाहिजे. तुम्हाला तो कापताना त्रास होईल हे मला कळतं, शाळेत तात्पर्याशिवाय गोष्ट सांगितली की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण त्या परिच्छेदात तुम्ही पुन्हा बाई होता आणि पोरांच्या लक्षात येतं की हा तासच होता.

वर्गात परत वाचाल तेव्हा 'आवडली का रे?' विचारू नका. सगळा वर्ग एका सुरात 'हो बाई' म्हणेल आणि तुम्हाला काहीही कळणार नाही. वाचताना हातात पेन्सिल ठेवा. हसली तिथं खूण, खिडकीबाहेर बघायला लागली तिथं दुसरी खूण. शक्य असेल तर दुसऱ्या बाईंना वाचायला द्या आणि तुम्ही मागं बसा, कारण आपण स्वतः वाचताना आवाज आणि हातवारे करून पडलेलं वाक्यही उचलून धरतो. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही हातवारे करायला जाणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं दुसऱ्या दिवशी. जो पोरगा गैरहजर होता त्याला गोष्ट दुसऱ्या पोराकडून सांगायला लावा आणि ऐका. जे त्यानं गाळलं ते तुम्हीही गाळा. त्यानं जे बदललं ते बऱ्याचदा तुमच्यापेक्षा चांगलं असतं, निःसंकोच उचला.

गावच्या भाषेचं विचारलंत. निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवा आणि बोलणं गावचं येऊ दे. आज्जी 'तू काय करत आहेस?' म्हणाली तर ती जांबोटीची राहत नाही, 'काय करूलालाईस रे?' म्हणाली तर साताऱ्याच्या पोरालाही प्रसंगावरून कळतं. एक पथ्य मात्र पाळा, एकाच शब्दाचं लेखन प्रत्येक पानावर एकसारखं ठेवा, नाहीतर मुद्रितशोधक ती चूक समजून सरळ करतो आणि त्यात त्याचा दोष नसतो. सोबतच्या पत्रात दोन ओळी लिहा की संवादांतली बोली मुद्दाम ठेवली आहे. बरेच संपादक मानतात. न मानणारे भेटले तर भांडण 'करूलालाईस'साठी करा, प्रत्येक 'नाय'साठी करू नका.

पुस्तकाची घाई नको. आधी एकेक गोष्ट मासिकाकडे पाठवा. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. सुट्टीत ते चाळा, आणि कुठल्या दशकात पोरांना काय गमतीचं वाटत होतं तेही दिसेल. बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांत कथाकथन असतं, तिथंही वाचा, पण समोर बसलेले मोठे असतात हे विसरू नका. तिथं टाळ्या टीए-डीएलाच पडतील.

चित्रांचं पुस्तक करायचं ठरलं तर पानं सोळा किंवा बत्तीस धरा, छापखान्यात कागदाच्या घड्या तशाच पडतात. मजकूर पाच-सहाशे शब्दांच्या आत बसवा आणि चित्रात दिसतंय ते शब्दांत परत सांगू नका. मजकुरात आज्जी म्हणते, "आमची हौसा फार शहाणी," आणि चित्रात हौसा मागच्या सीटवरच्या माणसाचा पेपर खातेय. एवढं पोर स्वतः शोधून काढतं, आणि आज्जीपेक्षा आपल्याला जास्त कळलं म्हणून खूश होतं. चित्रकार शहरातला असेल तर कानातला पिवळा बिल्ला पहिल्या चित्रापासून काढायला त्याला बजावून सांगा, फोटो पाठवा. तो बिल्ला ऐनवेळी उगवला तर तुमचा 'संपली काय'वाला पहिल्या बाकावरून लगेच हात वर करेल.